गवळ्यांचे वाडे की पूर्वजांची स्मशानं?

हिंगण्यात उभं राहून शिळावर्तुळांवर बोलायचं तर दूर जायचं कारण नाही. शेजारच्या रायपुरात १९८५ ते १९९० या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. आपल्याच तालुक्यातल्या टाकळघाटला आणि त्याच्या जवळच्या खापा इथं १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या डॉ. शां. भा. देवांनी खोदकाम केलं होतं. आज कारखान्यांच्या भोंग्यांनी ओळखलं जाणारं निलडोह जुन्या गॅझेटियरांत नोंदलं गेलं ते तिथल्या दगडी वर्तुळांसाठी. काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला तर अशी वर्तुळं ३०० च्या आसपास आहेत.

ही वर्तुळं कुठं असतात ते पाहा. नांगराला कामाची नसलेली, मुरमाड, उंचवट्याची जमीन. तिथं काळ्या पाषाणाचे मोठाले धोंडे गोल मांडलेले. एकेका वर्तुळाचा व्यास दहा-पंधरा मीटर. आपले आजे-पणजे हे गवळ्यांचं म्हणून सांगत. कोणे एके काळी इथं गवळ्यांचं राज्य होतं, त्यांचे तळ पडत, त्यांची गुरं इथं कोंडलेली असत, हे धोंडे त्याचेच. पुस्तकांत याला दंतकथा म्हणून एका ओळीत निकालात काढतात. मला ते मान्य नाही.

कारण आपल्याकडे गवळी एकाच ठिकाणी भेटत नाहीत. देवगडच्या गोंड राजघराण्याची कथा घ्या. मूळपुरुष जाटबा हा मनसूर आणि गनसूर या गवळी राजांच्या पदरी होता. देवीच्या कृपेनं त्यानं त्यांना मारलं आणि गोंडांचं राज्य उभं केलं. याच घराण्यातल्या बख्त बुलंद शहानं पुढं नागपूर वसवलं. मेळघाटात जा, गाविलगड गवळ्यांनीच बांधला म्हणून सांगतील. दगडी किल्ला मात्र अहमदशहा बहमनीनं १४२५ च्या सुमारास उभारलेला. म्हणजे पंधराव्या शतकातला किल्ला गवळ्यांचा आणि अडीच हजार वर्षांपूर्वीचं वर्तुळही गवळ्यांचंच. लोकस्मृतीत गोंड राजांच्या पलीकडे जे जे आहे, ते सगळं गवळीराज्यात जमा होतं. आमच्या आठवणीची हद्द इथवर, त्यापलीकडेही माणसं होती, असं ही कथा प्रांजळपणे सांगते.

त्या हद्दीपलीकडे पहिल्यांदा कुदळ चालवणाऱ्यांत रिव्हेट-कारनॅक हा इंग्रज अधिकारी होता. मध्य प्रांतात कापसाच्या खात्याचा कमिशनर. १८६७ मध्ये त्यानं जुनापाणीची वर्तुळं खोदली. काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीनं कोरलेले त्याला दिसले. स्कॉटलंडच्या खडकांवरही तसेच खळगे आहेत, म्हणून तो चकित झाला. अलीकडे संशोधक मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खळग्यांचा संबंध आकाशातल्या दिशांशी जोडता येतो का, हे तपासलं आहे. माझ्या मते हा प्रश्न अजून खुला आहे. तरीही एवढं नक्की, की कोणीतरी त्या कठीण पाषाणावर ठोकत बसलं ते उगीच नव्हे.

वर्तुळाच्या आत काय असतं? गुरांचा गोठा नसतो. काळी चिकण माती आणि गोटे यांच्या भरावाखाली मृतांची हाडं, काळी-तांबडी मडकी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या असतात. कुऱ्हाड दांड्याला आवळून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यासुद्धा सापडतात. ही विदर्भातल्या लोहाराची खास करामत. माहुरझरीला घोडे पुरलेले सापडले, तोंडावर तांब्याचा साज चढवलेले. मालकासोबत त्याचं जनावरही मातीत गेलं. ज्यांनी हे केलं त्यांना जनावर म्हणजे किती मोठं धन वाटत होतं, ते वेगळं सांगायला नको. गवळ्यांची कथा जागेच्या बाबतीत चुकली, पण पशुधनाच्या बाबतीत ती खऱ्याच्या फार जवळ आहे.

याच पुराव्यावरून काही अभ्यासकांनी या लोकांना भटके घोडेस्वार ठरवलं होतं: थडगी पुष्कळ, गावं दिसत नाहीत, म्हणून. टाकळघाटनं या तर्काला धक्का दिला. तिथं वस्तीचे थर मिळाले. मग पेंच नदीकाठच्या नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची. भट्टी पाठीवर टाकून कोणी हिंडत नाही. खनिज ओळखायला, कोळसा पाडायला, भाते हाकायला एका जागी राहावं लागतं. आणि एका माणसासाठी एवढे धोंडे चढणीवर न्यायला गाव एकजुटीचा लागतो. आपल्या प्रदेशात माणूस घर करून राहिला, याचे हे फार जुने पुरावे आहेत आणि त्यांतले काही आपल्या शिवारात आहेत.

दगडानं मृताची आठवण ठेवायची रीतही विदर्भातून गेलेली नाही. भामरागडकडचे माडिया गोंड आजही गेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात. त्यांचा आणि वर्तुळं रचणाऱ्यांचा थेट वंश जोडण्याचं धाडस मी करणार नाही. पण धोंड्यासमोर कसं उभं राहायचं, हे आपण त्यांच्याकडून शिकू शकतो.

मला काळजी आहे ती आत्ताची. मुरमाड जमीन शेतीला नको होती, म्हणून ही वर्तुळं टिकली. तीच जमीन आता खाणीला, लेआउटला, रस्त्याच्या भरावाला हवी आहे. संग्रहालयात कुऱ्हाड ठेवता येते, पण वर्तुळ तिथं नेता येत नाही. त्याचं मोल धोंड्यांच्या मांडणीत आहे. जेसीबीनं चार धोंडे सरकवले, की कोणता कोणासमोर होता, खळग्यांची ओळ कुठं रोखलेली होती, खालचा भराव कुठून सुरू होत होता, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. म्हणून आपल्या शिवारात गोल मांडलेले धोंडे दिसले तर ते हलवू नका, खाली धन असेल म्हणून उकरू नका. जागेवरूनच फोटो काढा, गट नंबर लिहून घ्या, ग्रामपंचायतीत नोंद करायला लावा आणि नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयाला कळवा. आणि घरात कोणी म्हातारं माणूस गवळ्यांची गोष्ट सांगत असेल, तर तीही त्याच कागदावर लिहून घ्या.