नंबरप्लेट, कॅमेरा आणि आपला हक्क

जबलपूरच्या चौकात कॅमेरा गाडीवरचा ‘एमपी २०’ने सुरू होणारा नंबर टिपतो आणि ई-चलान मोबाइलवर येतं. ते चुकवायला कुणी प्लेटवर गडद काच बसवतं, कुणी एखादा आकडा चिखलानं माखतं. दोन्ही बेकायदा आहे. धडक देऊन पळालेली गाडी सापडते ती याच नंबरावरून.

तरी चालकांची शंका रास्त आहे: मी कुठे, केव्हा गेलो याची नोंद कुणाकडे राहते? २०२१ च्या केंद्रीय नियमांनी कॅमेऱ्यांसाठी १३२ शहरं निवडली, त्यांत जबलपूरही आहे. कॅमेरा असल्याची ठळक पाटी हवी, यंत्राचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं हवं, चलानावर छायाचित्र, स्थळ, वेळ हवी, असं ते नियम सांगतात. नियम पाळणाऱ्याची नोंद कधी पुसायची, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिलेलं असायला हवं.

खासगीपणाचा हा हक्क जबलपूरच्या नावाशी जोडलेला आहे. आणीबाणीत, १९७६ साली, ‘एडीएम जबलपूर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्थानबद्धांना दाद नाकारली. बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा त्यांचेच पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी तो जुना निकाल गंभीर चूक ठरवला.

तेव्हा प्लेट झाकू नका. चलान चुकीचं वाटलं, तर छायाचित्रातला नंबर नीट तपासा आणि लगेच तक्रार नोंदवा.