आधी घास, मग दूध
दीड वर्षाचं मूल सारखं दूध मागतं आणि घास दिसला की तोंड फिरवतं, ही तक्रार घरोघरी असते. बहुतेकदा दुधानंच पोट भरलेलं असतं. गाईम्हशीच्या दुधात लोह अगदी कमी. त्यावरच राहिलेलं मूल फिकट पडतं, रक्तक्षय होतो. म्हणून वर्षानंतर वरचं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. तेही जेवणानंतर, बाटलीऐवजी पेल्यानं. अंगावरचं दूध मात्र दोन वर्षांपर्यंत खुशाल चालू द्या. मेतकूट-तूप घातलेला गुरगुट्या भात पुढ्यात ठेवा, हातानं चिवडू द्या. सांडेल, सांडू दे. एखादी भाजी आठ-दहा वेळा नाकारूनही पुढे आवडू लागते. जबरदस्ती नको. वजन वाढत नसेल, तर डॉक्टरांना नक्की दाखवा.