आपला वाटा सोडणारी माणसे





वर्ध्यातल्या या संमेलनासाठी आर्थिक न्यायाची जागतिक चळवळ आणि अध्यात्म हा विषय ठरला, तेव्हा आमच्यातल्याच काही जुन्या कार्यकर्त्यांनी नाराजी बोलून दाखवली. अध्यात्म म्हटले की माणूस डोळे मिटतो, आणि डोळे मिटले की सातबारा कोणाच्या नावावर चढला ते कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. शंका रास्त आहे. गावातल्या सावकारीबद्दल चकार शब्द न काढणारे मठ आणि सत्संग आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. म्हणून मी आज एका वेगळ्या अध्यात्माबद्दल बोलणार आहे, आणि त्याचा एक धागा आमच्या वर्ध्यातूनच निघतो.

1937 साली लांझा देल वास्तो नावाचा इटालियन तरुण गांधीजींकडे वर्ध्याला आला. गांधीजींनी त्याला शांतिदास हे नाव दिले. परत गेल्यावर त्याने फ्रान्समध्ये आश्रमासारखी वसाहत उभारली. तिथे लोक सूत कातत, शेती करत, प्रार्थना करत. 1971 मध्ये फ्रेंच सरकारने दक्षिणेतल्या लार्झाक पठारावरची लष्करी छावणी 3,000 हेक्टरवरून 17,000 हेक्टरपर्यंत वाढवायचे जाहीर केले. पठारावर मेंढपाळ शेतकरी राहत. त्यांच्या मेंढ्यांच्या दुधापासून रोकफोर चीज बनते. ही चर्चला जाणारी, सरकारला मानणारी साधी माणसे. मोर्चा कसा काढतात हेही त्यांना ठाऊक नव्हते.

मार्च 1972 मध्ये सत्तरीतले शांतिदास तिथल्या ला काव्हालरी गावात पंधरा दिवसांच्या उपोषणाला बसले. शेतकरी भेटायला येत, बसून राहत, बोलत. उपोषण सुटता सुटता 103 शेतकऱ्यांनी शपथ घेतली: जमीन विकायची नाही. पुढे त्यांनी मेंढ्या पॅरिसला नेऊन थेट आयफेल टॉवरखाली चरायला सोडल्या. देशभरातल्या नागरिकांनी आपल्या करातले तीन टक्के सरकारला न देता लार्झाकला पाठवले, आणि त्या पैशातून ला ब्लाकिएर इथे विनापरवाना दगडी मेंढवाडा उभा राहिला. लढा दहा वर्षे चालला. 1981 मध्ये अध्यक्ष झालेल्या मितराँ यांनी छावणीचा विस्तार रद्द केला.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यानंतरचे. सरकारने छावणीसाठी घेतलेली सुमारे 6,300 हेक्टर जमीन 1985 मध्ये शेतकऱ्यांच्याच सामाईक संस्थेकडे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने आली. कोणी ती आपल्या नावावर करून घेतली नाही. एक शेतकरी निवृत्त झाला की ती जमीन पुढच्या कसणाऱ्याकडे जाते. इथून जवळच्या पवनारच्या विनोबांनी ग्रामदानाचा जो विचार मांडला, त्याचे हे सख्खे भावंड आहे. याच पठारावरचे जोझे बोव्हे 1999 मध्ये सिएटलला जागतिक व्यापार संघटनेच्या विरोधात उभे होते.

दुसरे उदाहरण कर्जाचे. बायबलमध्ये दर पन्नासाव्या, म्हणजे योबेल वर्षी, गहाण जमीन मूळ घरी परत जावी आणि दास मोकळे व्हावेत, असे सांगितले आहे. तोच आधार घेऊन ज्युबिली 2000 ही मोहीम उभी राहिली. 16 मे 1998 रोजी बर्मिंगहॅममध्ये बड्या राष्ट्रांची शिखर परिषद भरली असताना सुमारे 70,000 लोकांनी हातात हात घालून साखळी केली. ही धनको देशांतली माणसे होती, आणि आमच्या सरकारने गरीब देशांकडचे आपले येणे सोडावे, एवढेच त्यांचे मागणे होते. जी माफी मिळाली ती अपुरी होती, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींनी जखडलेली होती. त्यावर या संमेलनात कठोर चर्चा व्हायलाच हवी. तरी टांझानियाने 2001 मध्ये प्राथमिक शाळांची फी काढून टाकली, तेव्हा कर्जफेडीतून वाचलेल्या पैशाचा त्या निर्णयाला आधार होता.

मराठी माणसाला हे ऐकून तुकोबा आठवल्याशिवाय राहणार नाहीत. घरच्या सावकारीची खते निघाली, तेव्हा धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. ज्याला आपले येणे सोडता येते, त्याच्याच मागणीला धार चढते, असे मी मानतो. आमचे कार्यकर्ते थकतात, आपसांत भांडतात, संस्थेच्या इमारतीवरून कोर्टात जातात. तिथे मला या अध्यात्माची उणीव दिसते.

कर्जाचा हा प्रश्न आमच्या दाराशीही आहे. 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. कापसाच्या भावावर आणि बँकेच्या नोटिशीवर इथे अजूनही घरे उद्ध्वस्त होतात. म्हणून कर्जावरच्या पहिल्या सत्रात आधी आमच्या शेतकरी बहिणी बोलतील, अर्थतज्ज्ञ नंतर. पाहुण्यांसाठी दुभाषे समोरच्या रांगेत बसले आहेत. दुपारी ज्वारीची भाकरी, झुणका आणि आमच्या गावचा गोरसपाक आहे. उद्या सकाळी सेवाग्रामला पायी जाऊ. आता उद्घाटकांनी व्यासपीठाचा ताबा घ्यावा, अशी मी त्यांना विनंती करतो.