साखर कामगार : पगारवाढ की नोकरी?
सातारा-सांगलीच्या साखर कामगारांना २०२१च्या त्रिपक्षीय करारात १२ टक्के पगारवाढ मिळाली. अशा वाढीने कारखाने बुडतील, माणसं कमी करावी लागतील, हे मला पटत नाही. २०१९ ते २०२४ या काळात उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, टनाला २,७५० रुपयांवरून ३,४०० वर गेली. साखरेचा किमान विक्रीदर मात्र किलोला ३१ रुपयेच राहिला. खरी ओढाताण तिथली आहे. पण अडचणीतला कारखाना पैसे आणणार कुठून, हा आक्षेपही खोटा नाही. म्हणून युनियनने आधी हिशेब मागावा. पगारवाढीच्या फरकाचे हप्ते मान्य करावेत, त्या बदल्यात थकीत पगाराची तारीख आणि कामगार कपात न करण्याची लेखी हमी घ्यावी. त्या हमीत हंगामी आणि कंत्राटी कामगारही हवेत. मंदीत पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते.