शेजारी आर आलं की…



पोरगं इंग्रजीचं पुस्तक वाचत असतं आणि 'बर्ड'ला 'बिर्ड' म्हणतं, 'गर्ल'ला 'गिर्ल' म्हणतं. कुणीतरी हसतं. दोन-चारदा असं झालं की ते मोठ्यानं वाचायचंच सोडून देतं. आणि आपण म्हणतो, "मला कुठं इंग्रजी येतं बाई, मी काय शिकवणार?" आज एवढंच सांगायचंय, की हे तुम्ही शिकवू शकता. हे उच्चार तुमच्या तोंडात आधीपासूनच आहेत.

आधी पोराला समजून घ्या. आय म्हणजे 'इ' असं ते शिकलं. 'बिग', 'पिन', 'मिल्क' बरोबर वाचलं. तोच नियम त्यानं 'बर्ड'ला लावला. आपल्या मराठीत इकार कुठंही आला तरी इकारच राहतो. इंग्रजीत तसं नाही. ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर. त्यांच्या पाठोपाठ आर आलं की बऱ्याचदा त्यांचा आवाज बदलतो. थोरली जाऊ दारात आली की धाकटीचा आवाज बदलतो ना, तसंच! 'कॅट'मध्ये ए नंतर आर घाला, 'कार्ट' होतं. 'हॅड'चं 'हार्ड' होतं.

आता तीन घरं लक्षात ठेवा.

पहिलं घर ए-आरचं. आवाज 'आर'. रेशन कार्ड, मार्केट, पार्सल.

दुसरं घर ओ-आरचं. आवाज 'ऑर'. बँकेचा फॉर्म, हॉर्न, शॉर्ट.

तिसऱ्या घरात तीन बहिणी राहतात. ई-आर, आय-आर आणि यू-आर. दिसायला वेगळ्या, आवाज एकच. आपल्या 'सर्दी', 'गर्दी'तला 'अर'. गोठ्यातली जर्सी गाय ई-आरची, दोरीवरचा शर्ट आय-आरचा, दवाखान्यातली नर्स यू-आरची. वाचताना तिघींना एकच आवाज द्यायचा. लिहिताना मात्र कुठल्या शब्दात कुठली बहीण, ते पाठच करावं लागतं.

काही शब्दांत दोन घरं एकत्र येतात. मोबाइलचा 'चार्जर' घ्या. आधी ए-आर, शेवटी ई-आर. 'ऑर्डर'मध्ये आधी ओ-आर, शेवटी ई-आर. शब्दाच्या शेवटी ओ-आर आलं तर तेही बहुतेक वेळा हलकं 'अर' होतं. आपण 'डॉक्टर', 'कंडक्टर' म्हणतो ते असंच.

थोडे शब्द नियम मोडतात. पुढं डब्ल्यू असलं की घरांची अदलाबदल होते. ग्रामपंचायतीचा 'वॉर्ड' लिहितात ए-आरनं, पण बोलतात 'ऑर'. 'वर्क' लिहितात ओ-आरनं, बोलतात 'अर'. हे नंतर सांगा, आधी तीन घरं पक्की होऊ द्या.

घरी कसं करायचं? एका आठवड्याला एकच घर घ्या. खडूनं फरशीवर मोठं घर काढा आणि त्यात ए-आर लिहायला लावा. मग पोराला सांगा, घरातल्या डब्यांवर, पिशव्यांवर, कार्डावर ए-आर शोधून आण. सापडलेला शब्द त्यानं वाचायचा आणि घरात लिहायचा. वाचताना अडखळलं तर "चुकलं" म्हणू नका. "स्वराच्या शेजारी कोण आहे बघ," एवढंच म्हणा. ते स्वतःच सुधारेल.

एक शंका येते, र किती ठळक म्हणायचा? लंडनकडचे लोक 'कार' म्हणताना शेवटचा र जवळजवळ गिळतात. अमेरिकेतले बहुतेक लोक तो उच्चारतात. आपण र स्पष्ट म्हणतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, समोरच्याला ते कळतं. स्वर तेवढा नीट आला पाहिजे.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या रोजच्या बोलण्यातला एकेक असा शब्द आणा आणि तो कुठल्या घरचा ते ठरवा. पोरांनाही सोबत बसवा. आईला येतंय म्हटल्यावर पोराची भीती निम्मी कमी होते.