गंडभेरुंड : एका युद्धनौकेचे मानचिन्ह

शिडाच्या जहाजांच्या काळी जहाजाच्या नाळेवर लाकडात कोरलेली मूर्ती बसविलेली असे. पोलादी युद्धनौका आल्या आणि या मूर्ती मागे पडल्या. जहाजाची ओळख सांगण्याचे त्यांचे कार्य पुढे मानचिन्हाकडे आले. ब्रिटिश आरमारात १९१८ च्या सुमारास या चिन्हांना शिस्तबद्ध रूप लाभले. भारतीय नौदलाने ही प्रथा पुढे चालविली. परंतु चिन्हे मात्र आपल्या भूमीतील निवडली.

‘म्हैसूर’ ही युद्धनौका याचे उत्तम उदाहरण होय. दुसऱ्या महायुद्धात लढलेली ‘नायजेरिया’ ही ब्रिटिश क्रूझर २९ ऑगस्ट १९५७ रोजी या नव्या नावाने भारतीय नौदलात दाखल झाली. तिची बांधणी परदेशी होती; तिला भारतीयत्व दिले ते तिच्या नावाने आणि मानचिन्हाने. त्या चिन्हावर एक धड व दोन मस्तके असलेला गंडभेरुंड हा पुराणपक्षी आहे. म्हैसूरच्या वडियार राजघराण्याचे ते राजचिन्ह. त्याची परंपरा मात्र त्याहून जुनी आहे. शिमोगा जिल्ह्यातील बळ्ळिगावे येथे चालुक्यकाळात, १०४७ मध्ये उभारलेला गंडभेरुंड स्तंभ आहे, तर विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर हत्तींना चोचीत व नखांत धरलेला हाच पक्षी दिसतो. महाराष्ट्रातील काही दुर्गांच्या दरवाजांवरही तो कोरलेला आढळतो. बलाढ्य शत्रूलाही लीलया उचलणारे सामर्थ्य, हा त्याचा आशय. चिन्हाखालील ब्रीदवाक्य तैत्तिरीय उपनिषदातून घेतलेले असून, कधीही न भिणे, हा त्याचा अर्थ आहे.

१९७१ च्या युद्धात ‘म्हैसूर’ पश्चिमी ताफ्याची ध्वजनौका होती. १९७३ मध्ये म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले, तरी नौकेचे नाव व चिन्ह तेच राहिले. १९८५ मध्ये ती सेवेतून निवृत्त झाली.

नौका निवृत्त होते, तिचे पोलादही मोडीत निघते. चिन्ह मात्र निवृत्त होत नाही. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली नवी विनाशिका २ जून १९९९ रोजी ‘म्हैसूर’ याच नावाने नौदलात दाखल झाली. जो गंडभेरुंड एके काळी विकत घेतलेल्या नौकेवर विराजमान झाला होता, तो आता भारतीय कामगारांनी घडविलेल्या नौकेवर आला. नव्या नाविकांना त्या चिन्हाबरोबर पूर्वसूरींच्या पराक्रमाचा वारसा मिळाला आणि तो राखण्याची जबाबदारीही मिळाली. मानचिन्हाचे खरे मोल यातच आहे.