टंचाईची आवई आणि मटणाचा भाव

(बेसा येथे ग्राहकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपले बेसा आता नावापुरतेच गाव उरले आहे. मानेवाड्याकडून येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना जेथे शेते होती, तेथे इमारती उभ्या राहिल्या. पेरणारे हात कमी झाले आणि पिशवी घेऊन दुकानात जाणारे वाढले. अशा वस्तीत ‘उद्यापासून माल मिळणार नाही’ ही आवई फार वेगाने पसरते. शेतकऱ्याला आपल्या कणगीत काय आहे हे ठाऊक असते; आपली कणगी मात्र दुसऱ्याच्या दुकानात असते.

आरंभीच एक कबुली देतो. 24 मार्च 2020 रोजी रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. धान्याचा साठा पुरेसा असून नागरिकांनी घाबरून जादा खरेदी करू नये, अशा आशयाचा मजकूर त्याच आठवड्यात मी स्वतःच्या हाताने लिहिला होता. आणि त्या रात्री किराणा दुकानासमोरच्या रांगेत मीही उभा होतो. वीस किलो कणीक घेऊन घरी आलो, तेव्हा पत्नीने एवढेच विचारले, “तुमचं पत्रक खोटं होतं का?”

ते खोटे नव्हते. 1 एप्रिलला केंद्रीय साठ्यात गहू व तांदूळ मिळून सुमारे 210 लाख टन असावेत, असा दंडक आहे. त्या वर्षी तो साठा 500 लाख टनांहून अधिक होता. पुढे 5 किलो धान्य दरमहा माणशी मोफत देण्यात आले, ते याच बळावर. परंतु दुकानदार माल भरतो तो नेहमीच्या खपाच्या अंदाजाने. महिन्याचा माल एका रात्रीत उचलला गेला की फळी रिकामी होते, आणि रिकामी फळी पाहिल्यावर पुढच्या ग्राहकाला पत्रक वाचण्याची गरजच उरत नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये उत्तर प्रदेशात आणि दिल्लीत मिठाच्या बाबतीत हेच घडले. जगातील मोठ्या मीठ-उत्पादक देशांत गणना होणाऱ्या भारतात लोक मिठासाठी धावले!

खरी टंचाई कशी असते, ते 1972 सालच्या दुष्काळात महाराष्ट्राने पाहिले आहे. परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी आणि दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी आमच्या आईच्या पिढीला अजून आठवते. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे त्या कामांवर होती. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, त्याही याच काळात. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांची भीती मला समजते. तिला मी हसणार नाही.

आता मटणाकडे वळतो, कारण सभेआधी येथे तीच चर्चा चालली होती. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीमुळे कोरोना होतो अशी अफवा भ्रमणध्वनीवरून फिरली. पशुसंवर्धन विभागाने खुलासा केला, तरी कोंबडीकडे कोणी वळेना. जी कोंबडी वाढविण्यास किलोमागे सत्तर-ऐंशी रुपये खर्च येई, ती शेडवर कित्येक ठिकाणी पंधरा-वीस रुपयांनी विकावी लागली. काहींनी पक्षी फुकट वाटले, काहींनी पुरले. आणि आपण सारे मटणाच्या दुकानाकडे वळलो. साहजिकच तेथील भाव चढला. इकडे होरपळलेल्या शेतकऱ्याने नवी पिल्ले टाकली नाहीत. ब्रॉयलर पक्षी तयार व्हायला पाच-सहा आठवडे लागतात. त्यामुळे मे महिन्यात गिऱ्हाईक परतले तेव्हा शेड रिकामे होते आणि कोंबडीही महागली. अफवेने आधी उत्पादकाला बुडविले, मग ग्राहकाला.

पुढच्या वर्षी सोयाबीनचे भाव भडकले आणि कोंबडीचे खाद्य महागले. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्राने बारा लाख टन सोयापेंड आयातीस परवानगी दिली. येथे आपल्या विदर्भाची अडचण पाहा: सोयाबीन पिकविणारेही आपणच आणि रविवारी कोंबडी खाणारेही आपणच. एका घरातल्या दोन भावांना एकाच भावात खूष करता येत नाही.

बोकडाचे गणित याहून संथ आहे. शेळी पाच महिने गाभण राहते आणि करडू विक्रीजोगे व्हायला साधारण वर्ष जाते. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक शेळ्या मोजल्या गेल्या, आधीच्या गणनेपेक्षा पाव पट जास्त. तरीही खाणारी तोंडे आणि खाण्याची ऐपत वाढत गेली. सावजी मटणाचा लौकिक आता नागपूरपुरता राहिला आहे काय? त्याच 2019 च्या अखेरीस कोल्हापुरात मटणाच्या दरावरून आंदोलन पेटले. बोकड हा गोदामात दडवून ठेवण्याजोगा माल नव्हे. म्हणून धाडी घालून मटण स्वस्त होईल, असे आश्वासन मी आपल्याला देणार नाही. वजनकाटा पाहा, दरफलक मागा, इतके मात्र आपल्या हाती आहे. घरामागे जागा असेल त्यांनी आपल्या भागातील बेरारी जातीच्या शेळीची चौकशी पशुवैद्यकीय दवाखान्यात जरूर करावी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीबरोबर महागाईचा बडग्या निघतो. आपण त्याला मोठ्याने घालवून देतो आणि परत येताना मटणाच्या रांगेत उभे राहतो. मीही राहतो.

राहिली ती कणीक. पावसाळा लागला तेव्हा तिला जाळी धरली होती. निम्मी टाकून द्यावी लागली. दुकानात गहू-कणीक मात्र एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून पूर्ववत मिळत होती.